आधी डेटाबेस मग वेबसाइट, आणि बंद करताना बरोब्बर उलटं

एकाच सर्व्हरवर डेटाबेस वेगळा, वेबसाइट वेगळी, मेल वेगळा असं सगळं आपापल्या कप्प्यात ठेवता येतं, कर्नल म्हणजे सिस्टिमचा गाभा सगळ्यांचा एकच पण फाइल्स, प्रोसेस, आयपी ॲड्रेस ज्याचे त्याचे. फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये या कप्प्याला जेल म्हणतात आणि 2000 साली 4.0 व्हर्जनमध्ये ते आलं, म्हणजे असेच कप्पे (त्यांना कंटेनर म्हणतात) करणाऱ्या डॉकरच्या तेरा वर्षं आधी.

आता कप्पे वेगळे केले म्हणून एकमेकांवाचून त्यांचं भागतं असं नाही. मी सुरुवातीला मशीन रीस्टार्ट केलं की वेबसाइट पडलेली असायची, लॉग उघडला की पोस्टग्रेसचा, म्हणजे माझ्या डेटाबेसचा निरोप, डेटाबेस अजून सुरू होतोय! वेबसाइटने एकदा दार वाजवलं, उघडलं नाही, गप्प बसली.

पहिला उपाय सोपा, जेल_लिस्ट या सेटिंगमध्ये जेलची नावं हव्या त्या क्रमाने लिहायची. पण बंद करतानाही तोच क्रम वापरला जातो हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही, म्हणजे डेटाबेस आधी जातो आणि वेबसाइट अजून लोकांच्या रिक्वेस्ट घेतच असते. कुणीतरी फोटो अपलोड केला, फाइल डिस्कवर पोचली पण तिची नोंद करायला डेटाबेसच नाही, आता ती फाइल तिथे बेवारस पडून राहणार. डेटाबेस स्वतःचा अर्धवट व्यवहार रोलबॅक करून म्हणजे मागे फिरवून सावरतो, फाइलचं मात्र त्याला काहीच माहीत नसतं. हे टाळायला जेल_रिव्हर्स_स्टॉप या सेटिंगला येस करायचं, मग यादी खालून वर बंद होते.

मला त्याहून आवडते ती डिपेंड ही सेटिंग. वेबच्या जेलमध्ये एका ओळीत लिहायचं की मी डेटाबेसवर अवलंबून आहे, बास, चालू करताना डेटाबेस आधी आणि काढताना वेब आधी, दोन्ही आपोआप. आणि यातली खरी गंमत म्हणजे डेटाबेसच्या जेलची पोस्टस्टार्ट कमांड, म्हणजे जेल सुरू झाल्यावर चालणारी कमांड, पूर्ण होईपर्यंत वेबचं जेल हलतच नाही! म्हणून मी तिथे छोटा लूप टाकतो, दर सेकंदाला पीजी_इझरेडी हा पोस्टग्रेसचा छोटा प्रोग्रॅम चालवून विचारतो, तयार झालास का, हो म्हणाला की पुढे. लूपला मर्यादा मात्र घाला, साठ वेळा वगैरे, नाहीतर डेटाबेस बिघडला तर बाकीचेही ताटकळत बसतील.

अनेक कंटेनर एकत्र चालवणाऱ्या डॉकर कंपोजमध्येही हीच गोष्ट आहे, नुसतं डिपेंड्स_ऑन लिहिलं तर डेटाबेसचा कंटेनर सुरू झाला एवढंच बघितलं जातं, आतला डेटाबेस तयार झालाय का ते हेल्थचेक म्हणजे तपासणीची कमांड लिहून सर्व्हिस_हेल्दीची अट घातली तरच बघितलं जातं.

बंद होण्याला मुदतही असते, डॉकरमध्ये आणि जेलमध्येही डीफॉल्ट दहा सेकंद, आधी सिगटर्म म्हणजे आवरून घे, आणि मुदत संपली की थेट सिगकिल म्हणजे जबरदस्तीने बंद. मोठ्या डेटाबेसला दहा सेकंद पुरत नाहीत, मग पुढच्या वेळी चालू होताना त्याला रिकव्हरी करत बसावं लागतं आणि वेबसाइट पुन्हा दारात उभी, म्हणून ती मुदत मी डेटाबेससाठी दोन मिनिटं ठेवलीये.