युरोपीय शाळा

युरोपीय संघाच्या संस्थांत काम करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी सदस्य राष्ट्रांनी मिळून चालविलेली बहुभाषिक शाळांची व्यवस्था. लॅटिन नाव ‘स्कोला युरोपेआ’. आपल्याकडील इंग्रजी माध्यमाच्या ‘इंटरनॅशनल’ शाळांशी तिचे साम्य फारसे नाही.

स्थापनावर्ष दोन प्रकारे दिले जाते. युरोपीय कोळसा व पोलाद समुदायाच्या (युरोपीय संघाची पूर्वसंस्था) लक्झेंबर्गमधील कर्मचाऱ्यांनी पालकसंघ काढून ऑक्टोबर १९५३ मध्ये वर्ग भरविले. त्यात समुदायाच्या न्यायालयाचे प्रबंधक आल्बेर व्हान हाउटे यांचा पुढाकार होता. समुदायाच्या सहा सदस्य राष्ट्रांनी शाळेच्या संविधीवर सह्या केल्या, त्या मात्र १२ एप्रिल १९५७ रोजी. कायद्याच्या दृष्टीने दुसरी तारीख महत्त्वाची. तथापि तोवर मुले साडेतीन वर्षे शिकत होती, हे पाहता १९५३ हेच वर्ष अधिक ग्राह्य वाटते.

शाळांच्या कोनशिलांत चर्मपत्रावरील एक मजकूर पुरलेला असतो : लहानपणापासून शेजारी बसून शिकलेली मुले स्वदेशावरील प्रेम न सोडता मनाने युरोपीय होतील, असा त्याचा आशय. हा मजकूर बराच काळ युरोपीय एकीकरणाचे एक शिल्पकार ज्याँ मॉने यांच्या नावावर सांगितला जाई. तो लक्झेंबर्ग शाळेचे १९५३–६० मधील मुख्याध्यापक मार्सेल दकोंबी यांचा असल्याचे आता सामान्यतः मानतात.

बालवर्ग दोन, प्राथमिक पाच व माध्यमिक सात वर्षे. गणित मातृभाषेतून, तर माध्यमिकच्या वरच्या इयत्तांत इतिहास-भूगोल दुसऱ्या भाषेतून शिकवितात. म्हणजे ब्रुसेल्समधील इटालियन मुलगी समीकरणे इटालियनमधून सोडविते आणि तासाभराने फ्रेंच राज्यक्रांती फ्रेंचमधून शिकते. त्या वर्गात तिच्या बाकावर ग्रीक किंवा डॅनिश मुलगाही असू शकतो. शाळेत भाषावार तुकड्या असतात; ज्यांच्या भाषेची तुकडी नाही, ती मुले दुसऱ्या भाषेच्या तुकडीत बसतात. मातृभाषेचा तास मात्र त्यांना वेगळा मिळतो. शेवटी ‘युरोपीय बॅकलॉरिएट’ परीक्षा असते; ती प्रथम १९५९ मध्ये झाली.

सहा देशांत अशा १३ शाळा आहेत. त्यांची ठिकाणे संस्थांमागोमाग ठरली : व्हारेसे, कार्ल्सरूह, मोल व बर्गेन येथील शाळा अणुसंशोधन केंद्रांमुळे, म्यूनिकची युरोपीय पेटंट कार्यालयामुळे, फ्रँकफुर्टची युरोपीय मध्यवर्ती बँकेमुळे. इंग्लंडमधील कलहमची शाळा २०१७ मध्ये बंद झाली. मूळ देशाने पाठविलेल्या शिक्षकांचा राष्ट्रीय पगार तो देश देतो, वरची भर शाळा घालते. इटलीतील पार्मा येथील शाळेसारख्या मान्यताप्राप्त शाळा हाच अभ्यासक्रम राबवितात, पण त्या संबंधित देशाच्या शिक्षणव्यवस्थेत मोडतात.