शिकारी, गारपीट आणि नैसर्गिक निवड

एकाच जातीच्या प्राण्यांमधे रंग, चोच, पळण्याचा वेग असे बारीक फरक असतातच. त्यातल्या एखाद्या फरकामुळं काहीजण जास्त जगले, त्यांची पिल्लं जास्त वाढली आणि तो फरक पिल्लांतही उतरत असला तर काही पिढ्यांनी तोच सगळीकडं दिसायला लागतो, यालाच नैसर्गिक निवड म्हणतात. ती कोणी ठरवून करत नाही. बऱ्याचदा ती शिकाऱ्याकडून होते, कधी दुष्काळाकडून.

मराठवाड्यात हे बघायला जंगलात जायची गरज नाही, ज्वारी काढलेलं रान पुरे. टिटवी झाडावर घरटं करत नाही, उघड्या जमिनीवर छोटा खळगा, कडेला खडे, आणि त्यात मातकट, काळपट ठिपक्यांची साधारण चार अंडी, इतकी ढेकळांत मिसळलेली की दोन पावलांवर उभं राहिलं तरी दिसत नाहीत. कावळा आणि मुंगूस टपलेलेच असतात. जी अंडी जरा उजळ ती आधी सापडतात, म्हणजे तसा रंग पुढं न्यायला पिल्लूच उरत नाही. रंग टिटवी निवडत नाही, कावळ्यालाही फक्त पोट भरायचंय, तरी पिढ्यान्‌पिढ्या हेच झालं की अंडी मातीसारखी होतात. काळविटाच्या वेगाचंही तसंच, मागं लांडगा, आणि पूर्वी चित्ताही असायचा, जो 1952 साली भारतातून नामशेष म्हणून जाहीर झाला.

ट्रिनिदाद बेटावरच्या गप्पी या छोट्या माशांवर जीवशास्त्रज्ञ जॉन एंडलरने 1980 साली हेच प्रयोगातून दाखवलं. शिकारी मासे सोडले की काही पिढ्यांत नरांचे रंगीत ठिपके कमी झाले, शिकारी नसले की वाढले.

आता योगायोग. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधे मराठवाड्यात जी गारपीट झाली त्यात पिकं गेली, जनावरं, पक्षी मेले. गार अंड्याचा रंग बघत नाही, मातकटही फुटतं आणि उजळही. अशा वेळी कोण उरलं हा निव्वळ नशिबाचा भाग, ती निवड नव्हे, त्याला जनुकीय विचलन म्हणतात. लोक या दोन्हीत फार गल्लत करतात, जो वाचला तो लायकच असणार असं धरून चालतात, आणि ते चूक आहे. हजारोंच्या संख्येत असा फटका भरून निघतो, पण माळावर तुटून उरलेल्या दहा-बारा काळविटांच्या कळपात एका विजेनं एखादा चांगला गुण कायमचा जाऊ शकतो.

तरी अचानक आलेलं संकट दरवेळी आंधळं नसतं. पॅसिफिक महासागरातल्या गॅलापागोस बेटांपैकी डॅफ्ने मेजर या छोट्या बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे जीवशास्त्रज्ञ जोडपं फिंच हे चिमणीसारखे छोटे पक्षी मोजत होतं, 1977 ला तिथं पाऊस जवळपास पडलाच नाही. बारीक बिया लवकर संपल्या, उरल्या त्या मोठ्या, टणक. त्यात आपल्या बांधावरच्या सराट्याच्या भाऊबंद झाडाची काटेरी फळं होती. ती फोडायला जाड चोच लागते. मध्यम भूफिंच या तिथल्या जातीतले बहुतेक पक्षी मेले, जे वाचले त्यांत जाड चोचवाले जास्त होते, आणि पुढच्या पिढीची चोचही मोठी निघाली. मग 1982-83 च्या एल निनोत, म्हणजे पॅसिफिकचं पाणी तापतं त्या काळात, तिकडं धो धो पाऊस झाला, बेट बारीक बियांनी भरलं, आणि त्यानंतरच्या कोरड्या वर्षांत लहान चोचवालेच जास्त टिकले.