धुतल्याने पावसाळी जॅकेट बाद होत नाही

सह्याद्रीत भटकणाऱ्या पुणेकरांमध्ये वर्षानुवर्षे असे सांगितले जाते की पावसाळी जॅकेट एकदा धुतले की पाणी अडवत नाही, म्हणून ते कधीच धुऊ नये. ही समजूत चुकीची आहे, आणि मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातून कमी पैशांत दणकट जॅकेट जमवणाऱ्यांचे तिने नुकसानच होते.

गोअर-टेक्ससारख्या जॅकेटमध्ये पाणी अडवतो तो आतला पातळ पडदा. अमेरिकी अभियंते बॉब गोअर यांनी १९६९ मध्ये शोधलेल्या ताणलेल्या पीटीएफईपासून, म्हणजे टेफ्लॉन नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्लास्टिकपासून, तो मुळात बनला, आणि साध्या धुण्याने तो विरघळत नाही. बाहीवरून थेंब मोत्यासारखे घरंगळावेत यासाठी बाहेरच्या कापडाला वेगळा लेप असतो. घाम, तेल आणि धूळ साचली की तो निष्प्रभ होतो, कापड भिजते, आतली वाफ कोंडते आणि स्वतःचाच घाम आपल्याला गळती वाटू लागतो. सौम्य द्रव साबणाने धुऊन, भरपूर पाण्यात खळबळून, वाळल्यावर लेबलावर परवानगी असल्यास मंद इस्त्री फिरवली की हा लेप बऱ्याचदा पुन्हा कामाला लागतो. फॅब्रिक सॉफ्टनर मात्र वर्ज्य.

खरा अपवाद मेण लावलेल्या सुती जॅकेटचा. ते यंत्रात न घालता थंड पाण्याच्या फडक्याने पुसावे.

जुने जॅकेट घेताना ते उलटून शिवणींवरच्या पट्ट्या जरूर पाहाव्यात. आतला थर चिकट लागत असेल किंवा त्याचे पापुद्रे सुटत असतील, तर कितीही घासाघीस करून भाव उतरला तरी ते सोडून द्यावे, कारण हा झिजेचा दोष धुऊन जाणारा नसतो.