सौर वीज आली तरी सिमेंटचा कार्बन सुटत नाही

सिमेंटची भट्टी कोळशाऐवजी स्वच्छ विजेवर तापवली की सिमेंटचं प्रदूषण संपलं, असं बरीच वर्षं सांगितलं जातं. ऐकायला पटतं. रसायनशास्त्र मात्र आडवं येतं.

सिमेंटचा मुख्य कच्चा माल चुनखडी, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. भट्टीत साधारण ९०० अंश सेल्सिअसला ती फुटते. चुना मागे राहतो आणि कार्बन डायऑक्साइड उडून जातो. शुद्ध चुनखडी असेल तर १०० किलोतले तब्बल ४४ किलो! पुढे सुमारे १४५० अंशांना क्लिंकर बनतं, तेच दळून सिमेंट. आच कोळशाची असो वा विजेची, दगडातला कार्बन बाहेर पडणारच. क्लिंकर बनवतानाच्या उत्सर्जनात इंधनाचा वाटा ढोबळमानाने ४० टक्के, बाकीचं सगळं या दगडाचं. आणि जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सिमेंटचा हिस्सा ७ ते ८ टक्के आहे.

काँक्रीट पुढे हवेतला थोडा कार्बन पुन्हा शोषतं, हे खरं. पण त्याला दशकं लागतात, आणि तो आत झिरपत गेला की सळ्यांना गंज चढायची भीती. त्यामुळे जाहिरातीतल्या ‘कार्बन शोषणाऱ्या भिंतीं’ना मी फारसा भाव देत नाही.

खरा फरक पडतो तो क्लिंकर कमी केल्याने. क्लिंकरऐवजी फ्लाय अ‍ॅश (वीजकेंद्रातल्या कोळशाची राख) आणि लोखंडाच्या भट्टीतली मळी (स्लॅग) आधीपासून मिसळली जाते, पण कोळशाची वीजकेंद्रं घटली तर ही राखही घटेल. म्हणून संशोधकांचं लक्ष आता भाजलेल्या चिकणमातीकडे आहे: ती भाजताना मुख्यतः पाणीच बाहेर पडतं, आणि चुनखडीच्या कच्च्या भुकटीसोबत ती वापरली तर निम्मं क्लिंकर पुरतं.