दाराच्या पोच्यावर उकळतं पाणी ओतून काही होतं का?

मागच्या महिन्यात इंदूरला छप्पन दुकान या खाऊगल्लीपाशी गाडी लावली होती, शेजारच्या गाडीवाल्याने दार धाडकन उघडलं आणि आमच्या मागच्या दाराला वाटीएवढा पोचा. रंग शाबूत होता, पण ऊन तिरपं पडलं की नेमकं तेवढंच दिसायचं. घरी आल्यावर मामांनी मोबाइलवर व्हिडिओ दाखवला, उकळतं पाणी ओतलं की पोचा टपकन बाहेर येतो, मग काय, रामबागेतल्या आमच्या गल्लीत चहाचं मोठं पातेलं भरून पाणी आलं, बघायला अर्धी गल्ली जमली, तीन पातेली संपली, दार चकाचक धुतलं गेलं आणि पोचा जिथल्या तिथे.

व्हिडिओ खोटा नव्हता हो. त्यातला पोचा बंपरला होता आणि आमचा दाराला, एवढाच फरक, पण सगळा खेळ त्यातच आहे. बंपर बहुतेक गाड्यांत पॉलिप्रॉपिलिन नावाच्या प्लास्टिकचा असतो. हे प्लास्टिक साधारण 160 अंशाला वितळतं, म्हणजे उकळत्या पाण्याने वितळत नाही पण चांगलंच मऊ पडतं आणि साच्यात जो आकार मिळाला होता तिकडे परत जायला बघतं, मागून हाताने ढकललं की काम झालं. दाराचा पत्रा स्टीलचा. 100 अंश म्हणजे त्याच्यासाठी काहीच नाही, कारखान्यात रंग पक्का करायला हीच बॉडी साधारण 170 अंशाच्या भट्टीत वीसेक मिनिटं ठेवतात. गंमत म्हणजे बऱ्याच गाड्यांना दारासाठी मुद्दाम असं स्टील वापरतात की त्या भट्टीत ते मऊ न होता उलट कडक होतं, कारण उष्णतेने आतले कार्बनचे अणू सरकून धातूच्या थरांच्या घसरणाऱ्या जागा अडवून बसतात. त्याच्यापुढे आमचं चहाचं पातेलं!

आता पोचा तसाच का राहतो ते बघू. स्टील ताणलं की थोडं लांबतं आणि सोडलं की परत येतं, पण ही मर्यादा फार छोटी, साध्या पत्र्यात हजारात एक भाग, म्हणजे मीटरभर पट्टी जेमतेम मिलिमीटरभर. त्याच्या पुढे गेलं की धातूचे थर एकमेकांवरून घसरतात आणि ते आपणहून मागे येत नाहीत. दाराचा पत्रा साधारण 0.7 मिलिमीटर जाड धरला तर हिशोब असा येतो की सायकलच्या चाकाएवढ्या गोलाईत वाकवला तर तो सुटल्यावर सरळ होईल, त्यापेक्षा घट्ट वाकला की बाक राहणार. म्हणून पसरट खोलगट भाग बिनधोक असतो आणि धारदार घडी पडली की पंचाईत.

आणि इथेच ती गोष्ट जी मला डेंटरकडे, म्हणजे गाडीचे पोचे काढणाऱ्या कारागिराकडे, जाईपर्यंत कळली नव्हती. वाटीएवढ्या पोच्यातला सगळा पत्रा काही कायमचा वाकलेला नसतो. खरा वाकलेला असतो तो मधला ठिपका आणि भोवतीची उचललेली कडा, बाकीचा पत्रा बिचारा परत यायला तयारच असतो, पण या कडेने त्याला कोंडून ठेवलेलं असतं. तेलाच्या 15 किलोच्या रिकाम्या डब्याची बाजू दाबली की ठक्क करून आत जाते आणि कधी तशीच राहते, तसंच. मी त्या डेंटरच्या दुकानात मधोमध अंगठ्याने दाबून दाखवत होतो तर तो म्हणाला, "भिया, बीच में मत दबाओ, पहले किनारा छोड़ो." ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पत्र्यावर पाडून कडा कुठे आहे ते बघितलं, बाहेरून प्लास्टिकच्या खुंटीने ती कडा हलकेच ठोकली आणि मग काचेजवळच्या फटीतून वाकडी सळई घालून मागून इंच-इंच दाबलं. त्याला काय ताण नि काय स्थितिस्थापकत्व, पण बोटांना सगळं माहीत.

घरी करायचंच असेल तर काच उचलायचा रबरी सक्शन कप बरा. तो पत्रा ओढत नाही खरं तर, आतली हवा निघाल्यावर दाराच्या मागची हवा पत्र्याला बाहेर ढकलते. 10 सेंटिमीटरच्या कपावर समुद्राकाठी जास्तीत जास्त 80 किलोच्या आसपास जोर, इंदूर 550 मीटर उंचीवर आहे म्हणून पाचेक किलो कमी, आणि कडेतून हवा शिरते त्यामुळे हातात येतो त्याहून कमीच. पत्रा धुवून साबणाचं पाणी लावायचं, सरळ समोर ओढायचं, तिरकं नाही. पसरट पोचा असेल तर ठक्क आवाज येऊन सुटतो. नाणंभर आकाराच्या खोल पोच्यावर कप काही करू शकत नाही, कप पोच्याहून मोठा असला की तो आजूबाजूचा चांगला पत्राच ओढत बसतो.

हेअर ड्रायरने तापवून बर्फ लावायचा प्रकार कधी कधी जमतो, पण तेही आधीच अर्धवट सुटायला आलेल्या पोच्यावर, कारण 70 अंशांच्या फरकाने वीतभर पत्रा मिलिमीटरचा पाचवा भागही हलत नाही. आतून हातोडी मात्र नकोच. एक ठोका जास्त पडला की पत्रा ताणला जातो, त्याचं क्षेत्रफळ वाढतं आणि ते जास्तीचं जायला जागा नसते, मग गुमडं. शिवाय वाकवून सरळ केलेली जागा पुन्हा आणखी कडक होते, म्हणून दुसऱ्या प्रयत्नाला जोर जास्त लागतो. रंगाला तडा असेल तर आधी तो झाका, इथला पावसाळा लागला की गंज तिथूनच आत शिरतो.

टाळायचं म्हणाल तर दाराचा मधला सपाट भाग सगळ्यात नाजूक, जिथे उभारीची रेष आहे तिथे गोलाईमुळे पत्रा ताठ असतो. पार्किंगमध्ये खांबाच्या बाजूला लावली की एक बाजू तरी वाचते. रबराची पट्टी आपल्या दाराच्या कडेला लावतात ना, ती दुसऱ्याच्या गाडीसाठी असते, म्हणजे ती पट्टी त्या शेजाऱ्याने लावायला हवी होती. पारदर्शक फिल्म लावून घ्या म्हणतात, पण ती मिलिमीटरचा पाचवा भाग जेमतेम जाड, ओरखडे अडवेल, धक्का नाही.

आमच्या दारावर अजून तिळाएवढी खळी आहे, ट्यूबलाइट धरली तरच दिसते. मामा रोज धरून बघतात.