रिदम गेम नवीन सुरू करताय? मग रिफ्लेक्सचं टेन्शन सोडा

रिदम गेम, म्हणजे गाण्याच्या तालावर बटणं दाबायचा गेम, पहिल्यांदा उघडला की जवळपास सगळे एकच गोष्ट करतात, स्क्रीनकडे टक लावून बसायचं, गोल दिसला की दाबायचं, आणि मग मिसवर मिस पडायला लागले की ठरवून टाकायचं की आपले रिफ्लेक्सच स्लो आहेत, हा गेम आपल्यासाठी नाही. खरं तर रिफ्लेक्सचा इथे फारसा संबंधच नाहीये. हे सुरुवातीलाच कुणी सांगितलं तर कितीतरी लोक पहिल्या आठवड्यात गेम सोडून देणार नाहीत असं मला मनापासून वाटतं.

उदाहरणाला ओसू घेऊ, कारण तो फुकट आहे आणि साध्या कॉम्प्युटरवरही चालतो. डीन हर्बर्ट या ऑस्ट्रेलियन प्रोग्रामरने तो 2007 मध्ये आणला. गाणं वाजतं, स्क्रीनवर नंबर घातलेले गोल येतात, प्रत्येक गोलाभोवती एक मोठी रिंग असते ती आकसत आकसत आत येते, आणि ती गोलाला टेकली की त्याच क्षणी कर्सर गोलावर ठेवून बटण दाबायचं. एका हातात माउस, दुसऱ्या हाताची दोन बोटं कीबोर्डच्या झेड आणि एक्सवर. अगदी वेळेवर दाबलं तर 300, थोडं मागेपुढे झालं तर 100, अजून चुकलं तर 50, नाहीतर मिस.

आता अगदी वेळेवर म्हणजे किती? ते प्रत्येक मॅपच्या, म्हणजे एका गाण्यासाठी केलेल्या गोलांच्या मांडणीच्या, ओडी नावाच्या सेटिंगवर ठरतं. ओडी 3 असेल तर 300 मिळायला बीटच्या अलीकडे-पलीकडे साधारण 62 मिलिसेकंदांची सूट असते, ओडी 8 ला ती 32 वर येते. आणि माणसाला काहीतरी दिसल्यावर बोट हलवायला किती वेळ लागतो? साधारण 200 ते 250 मिलिसेकंद. म्हणजे रिंग टेकलेली बघून मग दाबलं तर जगातला कुठलाही माणूस उशिराच दाबणार. ज्याला 300 मिळतोय त्याचा मेंदू बीट यायच्या आधीच बोटाला ऑर्डर देऊन मोकळा झालेला असतो. हा खेळ अंदाजाचा आहे.

आणि हा अंदाज आपल्याला शिकावा लागतच नाही, तो आधीपासून आत आहे, हे मला सगळ्यात भारी वाटतं. आपण नुसतं गाणं ऐकत शांत बसलेलो असतो तेव्हाही मेंदूतले हालचाल सांभाळणारे भाग बीटबरोबर कामाला लागलेले स्कॅनमध्ये दिसतात. 2009 मध्ये आलेल्या एका अभ्यासात तर दोन-तीन दिवसांच्या झोपलेल्या बाळांना ड्रमचा ताल ऐकवला होता आणि मधूनच मुख्य ठोका गाळला, तर त्यांच्या मेंदूच्या लहरींमध्ये लगेच फरक दिसला, म्हणजे ठोका येणार ही अपेक्षा तिथे तयार होती!

पण हा अंदाज कानावर जितका छान चालतो तितका डोळ्यांवर चालत नाही. लोकांना लुकलुकणाऱ्या दिव्याबरोबर बोट आपटायला सांगितलं आणि टिकटिक आवाजाबरोबर आपटायला सांगितलं तर दिव्याबरोबरचं टायमिंग बरंच जास्त विस्कटतं, हे प्रयोगांमध्ये पुन्हा पुन्हा दिसलंय. म्हणून माझा पहिला सल्ला, रिंगकडे बघून वेळ ठरवू नका, डोळ्यांनी फक्त पुढचा गोल कुठे आहे ते बघा आणि कधी दाबायचं ते कानांवर सोडा. ओळखीचं गाणं घ्या, ड्रम स्पष्ट ऐकू येणारं. सुरुवातीला म्युझिकचा आवाज कमी करून खेळायची चूक तर अजिबात करू नका.

आता गंमत बघा, नुसत्या टिकटिकीबरोबर बोट आपटताना आपण बहुतेक वेळा थोडं आधीच आपटतो, साधारण 20 ते 80 मिलिसेकंद, आणि आपल्याला पत्ताही नसतो, उलट एकदम बरोबर आपटलं असंच वाटतं. याचं एक स्पष्टीकरण असं की बोटाचा स्पर्श मेंदूपर्यंत पोचायला कानातल्या आवाजापेक्षा जास्त वेळ लागतो, म्हणून दोन्ही एकदम जाणवावं यासाठी बोट आधी निघतं. भरगच्च संगीतात ही सवय कमी होते कारण दोन ठोक्यांच्या मधे पण धरायला काहीतरी असतं.

तुमचं नेमकं काय होतंय ते गेम स्वतःच दाखवतो. स्क्रीनच्या तळाशी एक छोटी आडवी पट्टी असते, मध्यभागी खूण, आणि प्रत्येक दाबण्याला तिथे एक बारीक रेघ उमटते, लवकर दाबलं तर डावीकडे, उशिरा दाबलं तर उजवीकडे. नवीन माणूस या पट्टीकडे बघतच नाही आणि खरी माहिती तिथेच असते. सगळ्या रेघा एकाच बाजूला पण जवळजवळ पडत असतील तर तुमचा ताल चांगला आहे, फक्त आवाज आणि गेम जुळलेले नाहीत, सेटिंगमध्ये जाऊन ऑफसेट, म्हणजे आवाज किती मागेपुढे धरायचा तो आकडा, बदला. रेघा दोन्हीकडे पसरल्या असतील तर तो सरावाचा मामला. हा पसारा गेम एका आकड्यात पण सांगतो, त्याला अनस्टेबल रेट म्हणतात, त्याला 10 ने भागलं की टायमिंगमधला फरक मिलिसेकंदात मिळतो, म्हणजे 150 दिसलं तर 15 मिलिसेकंद. सुरुवातीला 200 च्या वर असणं एकदम नॉर्मल आहे.

ऑफसेटवरून आठवलं, ब्लूटूथ हेडफोन वापरत असाल तर आधी ते काढा. त्यात आवाज सहज 100 ते 250 मिलिसेकंद उशिरा येतो, व्हिडिओ बघताना प्लेअर ते सांभाळून घेतो पण इथे तुम्ही दाबल्याचा आवाजच मागाहून येतो आणि डोकं पार गोंधळतं. साधा वायरचा हेडफोन बेस्ट.

स्पीडची घाई नको. मिनिटाला 100-120 बीट्स हा माणसाला सगळ्यात आरामात पकडता येणारा ताल आहे, तिथून सुरू करा. 180 च्या गाण्यात सलग नोट्सची, म्हणजे एका बीटला चार गोलांची, रांग आली की दोन नोट्समधे फक्त 83 मिलिसेकंद उरतात आणि एका बोटाने तालात राहण्याची मर्यादा 100 मिलिसेकंदांच्या वरच संपते, म्हणून तर दोन बोटं आळीपाळीने वापरायची असतात. एका बोटाने जोर लावून तेच करायला गेलात तर हात आखडतो, मग टायमिंगही जातं.

आणि एखादा पॅटर्न अडला तर रात्रभर तोच घासत बसू नका. 2002 मधल्या एका प्रसिद्ध प्रयोगात बोटांचा ठराविक क्रम शिकलेले लोक झोपून उठल्यावर मधे काही सराव न करता जवळपास 20 टक्के फास्ट झाले होते. त्यात झोपेचा वाटा किती आणि थकवा गेल्याचा किती यावर शास्त्रज्ञांमध्ये अजून वाद आहे, पण दोन्हीपैकी काहीही असलं तरी तुम्ही गेम बंद करून झोपायचंच आहे, आणि मनगट दुखत असेल तर झोपेची वेळ व्हायचीही वाट बघू नका.