नक्कल, उसनवारी आणि ‘रोग’ नावाची मुलगी

मार्व्हलच्या कॉमिक्समध्ये १९८१ साली एक मुलगी आली. तिचं नाव देवनागरीत लिहिलं की नेमकं ‘रोग’ असं होतं. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल. तिच्या उघड्या कातडीचा स्पर्श झाला की समोरच्याची ताकद, कसब, आठवणी, सगळं तिच्यात उतरतं आणि समोरचा धाडकन कोसळतो. म्हणून ही सदा हातमोज्यांत. उसनी शक्ती थोड्या वेळाने ओसरते. पण कॅरल डॅन्व्हर्स या महानायिकेला तिने फार वेळ धरून ठेवलं, तेव्हा कॅरलची शक्ती आणि आठवणी वर्षानुवर्षं तिच्या मानगुटीवर बसल्या.

तिच्या वर्षभर आधी, १९८० मध्ये, टास्कमास्टर नावाचा खलनायक आला होता. त्याला स्पर्श लागत नाही. एकदा पाहिलेली हालचाल तो जशीच्या तशी करतो. मात्र कुणाला उडताना पाहिलं म्हणून उडू शकत नाही. तो आपल्याला चटकन पटतो, कारण टीव्हीवर सचिनचा स्ट्रेट ड्राइव्ह पाहून गल्लीत तसाच मारू पाहणारी पोरं आपण पाहिलेली असतात. रोग मात्र निव्वळ थाप वाटते. जीवशास्त्राला विचाराल, तर मामला उलटा आहे. पाहून फार तर हालचाल उचलता येते, तीही घाम गाळून. शरीराची शक्ती उचलायची तर दुसऱ्याला भिडावं लागतं, किंवा सरळ खावं लागतं.

पावसाळ्यात मुंबईच्या किनाऱ्यावर निळ्या फुग्यांसारखे समुद्री जीव वाहून येतात, ते ब्लू बॉटल. त्यांच्या धाग्याला पाय लागला की चाबूक बसल्यासारखी आग होते. खुल्या समुद्रात हे धागे चवीने खाणारी एक शंख नसलेली गोगलगाय असते, ब्लू ड्रॅगन. लांबी जेमतेम तीन सेंटिमीटर. धाग्यांमधल्या डंखाच्या सूक्ष्म कुप्या ती पचवत नाही. आतड्याच्या फांद्यांमधून त्या तिच्या बोटांसारख्या झालरीच्या टोकांशी जातात आणि तिथल्या पिशव्यांत साठतात. पुढे कुणी तिला हात लावला तर डंख बसतो तो ब्लू बॉटलचाच, साठवून साठवून आणखी जहाल झालेला.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची एलिशिया क्लोरोटिका ही गोगलगाय तर त्याहून पुढची. ती शेवाळाचा रस शोषते, पण त्यातली हरितलवकं, म्हणजे उन्हावर अन्न बनवणारे हिरवे कण, जिवंत ठेवते. अंग पानासारखं हिरवं होतं आणि ही हरितलवकं तिच्या पेशींत महिनोन्‌महिने टिकतात. तिने शेवाळाची जनुकंही पळवली असावीत, असं काही काळ मानलं जाई. पण तिच्या अंड्यांतल्या डीएनएमध्ये ती सापडली नाहीत. म्हणजे तिने भाकरी चोरली, पीठ मळायची रीत नाही. पिल्लू जन्मतं ते हरितलवकांशिवाय. त्याला आपलं शेवाळ आपणच शोधावं लागतं.

रीत चोरणारे वेगळे. १९२८ साली लंडनमध्ये फ्रेडरिक ग्रिफिथ न्यूमोनियाच्या जिवाणूंवर काम करत होता. एक जात घातक, कारण तिच्यावर गुळगुळीत आवरण असतं आणि शरीराच्या रक्षक पेशींच्या हातून ती निसटते. दुसरी जात बिनआवरणाची, निरुपद्रवी. त्याने घातक जिवाणू तापवून मारले, त्यांत जिवंत निरुपद्रवी मिसळले आणि उंदराला टोचले. उंदीर मेला. त्याच्या रक्तात जिवंत जिवाणू सापडले, आणि त्यांच्यावर आवरण होतं! मेलेल्याची शक्ती जिवंताने घेतली होती, आणि ती त्याच्या पुढच्या पिढ्यांतही उतरत होती. ही शक्ती नेणारा पदार्थ डीएनए आहे, हे न्यूयॉर्कमध्ये एव्हरी, मॅक्लॉइड आणि मॅकार्टी यांनी १९४४ मध्ये दाखवलं.

जिवंत जिवाणूंमध्ये तर ही देवघेव रोगसारखीच स्पर्शाने होते. एक जिवाणू बारीक नळीसारखा धागा टाकून दुसऱ्याला जवळ ओढतो आणि प्लाझ्मिड नावाचं डीएनएचं कडं त्याला देतो. १९५० च्या दशकात जपानमध्ये हगवणीच्या रुग्णांत एकाच वेळी चार-चार औषधांना दाद न देणारे जिवाणू आढळू लागले. त्यामागे अशीच कडी होती, आणि ती वेगवेगळ्या जातींच्या जिवाणूंमध्येही फिरत होती. प्लाझ्मिड सांभाळायला जिवाणूला ऊर्जा खर्चावी लागते. औषधाचा मारा थांबला तर काही जण ते ओझं टाकूनही देतात.

मार्व्हलवाल्यांचं चुकलं ते एकाच ठिकाणी. इथे देणारा कोसळत नाही. कड्याची एक प्रत तो स्वतःकडे ठेवतो. भेट संपते तेव्हा शक्ती दोघांकडेही असते आणि दोघेही पुढचा जोडीदार शोधायला मोकळे.